केरू धनावडे यांना नारळ

माझं नाव संस्कृती. संस्कृती मुळ्ये. हे नाव ठेवताना आईबाबांचा हेतू चांगलाच असणार, पण त्यामुळे माझ्याविषयी कोणी काहीही बोललं की ते अग्रलेखातलं वाक्य वाटतं. शाळेत हजेरी घेताना बाई म्हणायच्या, "आज संस्कृती नाही," आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारायचं, "कधी होती?" असं नाव घेऊन मी क्रीडा पत्रकारितेत शिरले. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे कॉलेजात असताना कुठेतरी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. त्याला गुण असतात, आणि ज्याच्याकडे काम केलं त्याने शेवटी प्रमाणपत्रावर सही केली तरच ते मिळतात. वर्गातल्या शहाण्या मुली पतपेढीत गेल्या आणि पंख्याखाली बसल्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र गळ्यातलं ओळखपत्र, समोरचं हिरवंगार मैदान आणि आपल्याला वाट करून देणारे लोक असं काहीतरी होतं. म्हणून मी 'दैनिक खाडीवार्ता'च्या कचेरीत गेले.

खाडीवार्ताचं क्रीडा पान म्हणजे सातव्या पानाचा खालचा अर्धा भाग. वरच्या अर्ध्या भागात श्रद्धांजल्या असतात आणि त्यांचे पैसे येत असल्यामुळे त्यांना पहिला मान. शहरात कोणी गेलं की कॅरमच्या चार ओळी जातात, कोणी मोठं गेलं की खो-खोची अख्खी स्पर्धाच जाते. सकाळी कचेरीत आल्यावर मी पहिल्यांदा विचारायचे, "आज कोण?" हे माणुसकीला धरून नव्हतं हे मला कळत होतं, पण व्यवसाय म्हटला की मन घट्ट करावं लागतं.

या पेपरचे संपादक परशुराम खातू. वृत्तसंपादकही तेच आणि ऑपरेटर बाई रजेवर असल्या की पान लावणारेही तेच. त्यांचं जड शब्दांशी जुनं वैर होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बातमी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "श्रीफळ म्हणजे काय?"

"नारळ," मी म्हटलं.

"मग नारळ लिहायला हात दुखतो? आपला वाचक टपरीवर उभ्याने पेपर वाचतो. दुसऱ्या हातात चहा असतो त्याच्या. त्याला श्रीफळ सोलत बसायला वेळ नाही. साधं लिही आणि थोडं लिही. निम्म्या शब्दांत भागत असेल तर निम्मे शब्द काप. उरलेले परत बघ, त्यातलेही निम्मे जातील."

मी हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून घेतलं. पुढे जे काही झालं त्याला माझा आज्ञाधारकपणा कारणीभूत आहे, हे मी कोणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

घरी सगळ्यांनी सल्ले दिले. आई म्हणाली, "उन्हात उभी राहू नको, आणि कबड्डीवाल्यांच्या अगदी पुढ्यात जाऊ नको, ती माणसं बघत नाहीत कुठे पडतात ते." बाबा म्हणाले, "कबड्डी का गो? क्रिकेट नाही देत काय ते?" तळमजल्यावर सोहनीकाका राहतात. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही म्हणून ते जिना वापरतात. मला पायरीवर गाठून म्हणाले, "संस्कृती, खेळाच्या बातमीत तीन जणांना दुखवायचं नाही. पंच, पाहुणे आणि ज्याने मांडव दिलान् तो. खेळाडूंचं काय, ते पेपर वाचत नाहीत."

पहिली खरी कामगिरी मिळाली ती बुधवारी. मिरजोळ्याच्या पलीकडे एका वाडीतलं सोनकिरण क्रीडा मंडळ तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत अंतिम फेरीला पोचलं होतं. सामना रविवारी. त्याआधी मंडळाने आपले प्रशिक्षक केरू धनावडे यांचा सत्कार ठेवला होता. केरूदादांनी वाडीतल्या दोन पिढ्यांना चढाई शिकवली. मुलं, मुलांचे बाप, झालंच तर मंडळाचे आत्ताचे सचिव गुरुप्रसाद शिवगण, सगळ्यांनी त्यांच्या शिव्या खाल्लेल्या. खातू सर म्हणाले, "जा. सत्काराची बातमी म्हणजे हात बसायला चांगली. त्यात काही चुकायला जागाच नसते."

कबड्डी बघायला मिळेल या आशेने मी गेले आणि भाषणं ऐकत बसले. मान्यवर इतके होते की खुर्च्या संपल्यावर दोन मान्यवर ध्वनिक्षेपकाच्या खोक्यावर बसले. गुरुप्रसाद शिवगण हा पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. बोलायला उभा राहिला की घसा साफ करतो आणि मग 'खऱ्या अर्थाने' म्हणतो. तो म्हणाला, "केरूदादांनी खऱ्या अर्थाने मंडळासाठी देह झिजवला. आता त्यांनी घरच्यांकडे लक्ष द्यावं, विश्रांती घ्यावी, असं आम्हाला खऱ्या अर्थाने मनापासून वाटतं." टाळ्या झाल्या. शाल पांघरली गेली. मग मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतःच्या परड्यातल्या माडाचा, चांगला शेंडीवाला नारळ केरूदादांच्या हातात दिला. परत टाळ्या. केरूदादांनी नारळ कानाशी नेऊन हलवून पाहिला, पाण्याचा आवाज ऐकला आणि काही न बोलता खाली बसले. मला वाटलं, भारावले.

संध्याकाळी मी कचेरीत बातमी लिहायला बसले. खातू सर चिपळूणला भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते. पानाची सूत्रं माझ्या आणि ऑपरेटर बाईंच्या हातात. पहिलं शीर्षक मी असं केलं होतं: 'ज्येष्ठ प्रशिक्षक केरू धनावडे यांचा शाल व श्रीफळ देऊन हृद्य सत्कार'. ते एका कॉलमात मावेना. 'हृद्य' काढलं, सरांना आवडलं नसतं. 'ज्येष्ठ' काढलं, ते दिसतंच. श्रीफळाचा नारळ केला. शाल काढली, कारण ती काही फार भारी नव्हती. 'सत्कार' काढला, कारण नारळ दिला म्हणजे सत्कारच झाला, आणखी काय होणार? 'देऊन'ची मग गरजच उरली नाही. शेवटी जे राहिलं ते पाहून मला फार समाधान वाटलं. चार शब्द, आणि एकही जड नाही.

'केरू धनावडे यांना नारळ.'

तेवढ्यात दोन श्रद्धांजल्या आल्या. बातमीचं अंग कापावं लागलं. सरांचं वाक्य वहीत होतंच. उरलं ते असं: 'सोनकिरण क्रीडा मंडळाचे प्रशिक्षक केरू धनावडे यांना बुधवारी मंडळाच्या कार्यक्रमात मान्यवरांच्या उपस्थितीत नारळ देण्यात आला. उपस्थितांनी टाळ्यांच्या गजरात स्वागत केले.' खाली माझं नाव.

आता लोक विचारतात, तुला नारळ देणे हा वाक्प्रचार माहीत नव्हता का? होता. दहावीला वाक्प्रचारांत मला पैकीच्या पैकी होते. पण डोळ्यांसमोर खराखुरा नारळ असला, त्याच्या पाण्याचा आवाज ऐकलेला असला, की माणसाला नारळच दिसतो. वाक्प्रचार परीक्षेत आठवतात.

सकाळी बाबांनी चहा घेताना पेपर उघडला. माझं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि मग वर सरकत गेले. मग आईला म्हणाले, "बिचाऱ्याला काढलंनी. आणि टाळ्या वाजवल्यानी वर."

"कोणाला काढलं?" मी विचारलं.

"तूच लिहिलंयस ना?"

मी पेपर ओढून घेतला आणि वाचलं. कालच्या बातमीतलं एकही अक्षर बदललेलं नव्हतं, तरी ती दुसरीच बातमी होती. त्याच वेळी दार वाजलं. सोहनीकाका पेपर घेऊन वर आले होते. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "चाळीस वर्षं शब्दशक्ती शिकवली, पण असं उदाहरण मिळालं नाही. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ, दोन्ही चार शब्दांत. हे पान मी कापून ठेवणार."

मग फोन सुरू झाले. मुंबईला नोकरी करणारे वाडीतले सगळे पुरुष सकाळी मोबाइलवर गावचा पेपर वाचतात हे मला त्या दिवशी समजलं. त्यांतल्या प्रत्येकाने केरूदादांना फोन केला. कोणी सांत्वन केलं, कोणी मंडळाच्या नावाने शिव्या दिल्या, एकाने वर्गणी परत मागितली. चिपळूणच्या एका मंडळाने तर केरूदादांना विचारलंही की मोकळे झालाच आहात तर आमच्याकडे येता का. दुपारपर्यंत बातमी आली की केरूदादा सरावाला गेले नाहीत, आणि केरूदादा नाहीत तर आम्हीही नाही म्हणून पोरं मैदानाच्या कडेला मोबाइल बघत बसली आहेत. रविवारचा सामना तीन दिवसांवर.

गुरुप्रसाद शिवगणचा फोन मलाच आला. मी घाबरत उचलला आणि तो काही बोलायच्या आत माफी मागायला लागले. त्याने मला थांबवलं. आवाज अगदी हळू.

"ते राहू दे. बातमी तुम्हाला दिली कोणी?"

"कोणी नाही. मी स्वतःच होते ना समोर."

"समोर होतात, पण कळलं कसं?"

"म्हणजे? दिसलं की. सगळ्यांच्या देखत दिलात."

पलीकडे घसा साफ झाल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. मला वाटलं, संतापाने बोलता येत नसेल.

खातू सर चिपळूणहून परतले ते थेट माझ्या टेबलापाशी. साखरपुड्याचा पेढाही त्यांनी मला दिला नाही. "मी थोडं लिही म्हटलं होतं," ते म्हणाले, "माणसाची नोकरी कापायला सांगितलं नव्हतं." नोकरी म्हणजे केरूदादा काही पगारी नव्हते, पण ही दुरुस्ती सुचवायची ती वेळ नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने खुलासा लिहिला. साधा आणि थोडा. 'कालच्या अंकात अनवधानाने चूक झाली. श्री. केरू धनावडे यांना नारळ देण्यात आलेला नाही. दिलगीर आहोत.'

मी म्हटलं, "सर, पण दिला होता."

"तू गप्प बस," सर म्हणाले.

शुक्रवारी सकाळी सोनकिरण मंडळाचं शिष्टमंडळ कचेरीत आलं. पुढे अध्यक्ष. त्यांच्या हातात खुलासा. "नारळ दिलेला नाही म्हणजे काय?" ते म्हणाले. "माझ्या परड्यातला नारळ. सकाळी माडावर पाडेली चढवून पाडून घेतला. शे-दीडशे माणूस बघत होता. आमी काय रिकाम्या हाताने सत्कार करतो? सोयरे विचारतात आमाला, शाल तरी दिलात की तीही नाही."

खातू सरांनी त्यांना चहा पाजला आणि समजावलं की नारळ दिला हे मान्य आहे, फक्त नारळ दिला नाही. अध्यक्ष म्हणाले की तेच तर आमचं म्हणणं, दिला. सर म्हणाले, दिलात, पण तसा नाही. "तसा नाही तर कसा?" अध्यक्षांनी विचारलं. "किडका होता?" त्यांच्या मागे गुरुप्रसाद उभा होता. एवढ्या वादात तो एक अक्षर बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत होता, आणि मी बघितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा.

शिष्टमंडळ गेल्यावर सरांनी मला बोलावलं. "हे बघ संस्कृती. रविवारी केरू धनावडे खुर्चीवर बसलेला दिसला पाहिजे. मंडळाची तक्रार मिटली पाहिजे. तोवर मी तुझ्या प्रमाणपत्रावर सही करणार नाही. आणि उद्याच्या अंकासाठी एक खुलासा लिहून आण. ज्याला नारळाचं झाड माहीत आहे अशा कोणालाही कळेल असा."

खुलासा लिहायला मी सोहनीकाकांची मदत घेतली. ते रात्रीपासून तयारीत होते. त्यांनी सांगितलेला मजकूर असा: 'श्री. धनावडे यांना वाच्यार्थाने नारळ देण्यात आला असून लक्ष्यार्थाने तो देण्यात आलेला नाही.' मला तो अगदी चोख वाटला. मग टपरीवर उभा असलेला, एका हातात चहा धरलेला आमचा वाचक डोळ्यांसमोर आला आणि मी कागद घडी करून पिशवीत टाकला. आता मूळ माणसालाच गाठणं भाग होतं. बाबांची स्कूटर काढली आणि वाडीवर गेले.

केरूदादा घराच्या मागे कुंपणाच्या गडग्याचे ढासळलेले चिरे परत रचत होते. शर्ट खुंटीला, डोक्याला टॉवेल. त्यांच्या बायकोने, जनीवहिनींनी, मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि आत जाता जाता ऐकवलं, "तो नारळ मी कालच फोडला. सोलकढी केली. छापायचा असंल तर छाप." पुरावाही गेला.

मी केरूदादांसमोर उभी राहिले. पाठ केलेलं सगळं एका दमात म्हटलं. चूक माझी, मंडळाची नाही, तुम्हाला कोणी काढलेलं नाही, कृपा करून सरावाला जा. त्यांनी हातातला चिरा ठेवला, जरा मागे सरकून तो सरळ बसला का पाहिलं, आणि म्हणाले, "तुजी चूक नाय गो बाय. तू बरोबरच लिवलंस."

"नाही हो, मला म्हणायचं होतं की सत्कार..."

"सत्कारच. पन चालू स्पर्धेत कोचाला शाल कोन देतो? फायनल जिंकल्यावर देतात. नायतर घरी पाठवताना. शाल खांद्यावर पडली तेव्हाच मना समजला. तो गुरुप्रसाद बोल्ला ना, विश्रांती घ्या. माझ्या समोर लहानाचा मोठा झाला, चढाईला जाताना रडायचा. त्याला माझ्या तोंडावर सांगवत नाय, म्हनून शाल घेतलान."

ते सांगत गेले. गुरुप्रसादचा मेहुणा प्रशिक्षणाचा कोर्स करून आला आहे. संघ त्याच्याकडे द्यायचा हे आत ठरलेलं आहे. अंतिम सामन्यालाही तोच खुर्चीवर बसणार होता. वाडीला हे नंतर हळूहळू समजणार होतं, आणि तोवर सगळे म्हणाले असते, दादा स्वतःच दमले. माझ्या बातमीने ते बुधवारचं गुरुवारीच बाहेर आलं.

म्हणजे मी जी चूक केली ती चूक नव्हती. अख्ख्या तालुक्यात ती एकच बातमी खरी होती आणि मी दोन दिवस तिची माफी मागत फिरत होते. खुलासा तेवढा खोटा होता. गुरुप्रसाद 'कळलं कसं' म्हणून का विचारत होता ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"मग आता?" मी विचारलं.

केरूदादांनी टॉवेलने मान पुसली. "मना काय नको. रविवारी त्या पोरांच्या बाजूला बसू द्या एकदा. त्यांना मी तयार केलाय. मग सोमवारी मी सोताच सोडीन. मना कोनी काढायला नको नि मी कोनाचा उंबरा झिजवायला नको." एवढं बोलून ते लगेच दुसरा चिरा उचलायला वळले. मला फार वाईट वाटलं. इतका वेळ मी माझ्या सहीचाच विचार करत होते. तिथे उभी असताना ती सही पहिल्यांदा मला थोडी बारीक वाटली.

वाडीच्या बाहेर आल्यावर मी स्कूटर थांबवून गुरुप्रसादला फोन लावला. "शिवगणसाहेब, मेहुण्यांचं अभिनंदन करायला फोन केला," मी म्हटलं.

पलीकडे घसा साफ झाला. "तुम्हाला हे सांगतंय कोण?"

"सूत्रांनी सांगितलं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे सूत्रं होती. ती गडगा रचत होती ही गोष्ट वेगळी. "उद्या छापायचं आहे. तुमची बाजू घ्यावी म्हटलं. केरूदादांना काढून मेहुण्यांना बसवताय, बरोबर?"

"कोण म्हणतंय असं? खोटं आहे ते. केरूदादाच आमचे प्रशिक्षक."

"रविवारीसुद्धा?"

"रविवारी म्हणजे काय, खऱ्या अर्थाने तेच."

"म्हणजे तुम्ही हे ठामपणे सांगताय असं लिहू ना?"

तो हो म्हणाला. दुसरं म्हणणार तरी काय? शनिवारच्या अंकात बातमी आली, 'रविवारच्या अंतिम सामन्यात केरू धनावडे हेच सोनकिरणचे प्रशिक्षक असतील, असे मंडळाचे सचिव गुरुप्रसाद शिवगण यांनी ठामपणे सांगितले.' नारळाचा उल्लेख नाही. शब्द चांगले वीसेक होते, पण सरांनी एकही कापला नाही. अध्यक्षांनीही फोन करून कळवलं की आता ठीक आहे, मात्र पुढल्या वेळी माडाचं नाव घ्या.

रविवारी केरूदादा खुर्चीवर बसले. सामना कसा झाला हे मला नीट सांगता येणार नाही, कारण पत्रकारांसाठी राखीव जागा कर्ण्याच्या मागे होती आणि पुढे सगळे मान्यवर उभे होते. गळ्यात ओळखपत्र होतं, पण वाट कोणी करून दिली नाही. लोकांच्या ओरडण्यावरून मी गुण लिहीत होते. मोठा आरडाओरडा झाला की पकड, शिव्या झाल्या की पंचांचा निर्णय. मध्येच दोन मान्यवरांच्या कमरांच्या फटीतून मला केरूदादा दिसत. ते काही ओरडत नव्हते, नुसते गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकलेले. शेवटच्या चढाईला सगळं मैदान गप्प झालं आणि मग जो गलका उठला त्यात कर्णासुद्धा ऐकू येईना. सोनकिरण एका गुणाने जिंकलं. पोरांनी केरूदादांना खांद्यावर घेतलं तेव्हा गुरुप्रसाद सगळ्यात पुढे होता आणि त्यांचा एक पाय त्याने धरला होता, फोटोत येईल असा.

खाली उतरल्यावर केरूदादा गर्दीतून मला शोधत आले. घामाने चिंब, गुलालाने लाल. "आता लिव," ते म्हणाले. "मी सोडला. काढला नाय, सोडला. तेवडा एक नीट छाप."

मी शब्द दिला. कचेरीत येऊन मी ती बातमी जितक्या जिवापाड लिहिली तितक्या जिवापाड आजवर काही लिहिलं नव्हतं. सामन्याचं वर्णन केलं, खांद्यावरचा फोटो लावला आणि वर शीर्षक दिलं: 'विजयानंतर केरू धनावडे यांचा स्वेच्छेने राजीनामा'.

खातू सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "स्वेच्छेने काप."

"नाही कापणार."

"जड शब्द आहे."

"असू दे. त्यांनी स्वतः सोडलंय. लोकांना ते कळायलाच हवं. त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलंय."

सरांनी माझं प्रमाणपत्र खणातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. पेनाचं टोपणही काढलं. "तो शब्द काप आणि सही घेऊन जा. मी तुझ्या भल्याचं सांगतोय, आणि त्याच्याही."

माझे गुण त्या पेनाच्या टोकावर होते. तरी मी म्हटलं, "सही करू नका सर. पण शब्द राहील." ऑपरेटर बाईंनी टायपिंग थांबवलं. सरांनी मान हलवली, सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "राहू दे तर. उद्या कळेल." मला वाटलं, पत्रकारितेत माणूस असाच घडतो. घरी येताना मी गाणं म्हणत आले.

सकाळी सोहनीकाका जिन्यात भेटले. पेपर काखेत. "वाचलं," ते हळहळत म्हणाले. "अगदी स्वेच्छेने म्हणजे फारच दबाव आणलेला दिसतो गो."

मी वर जाऊन पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तोच केरूदादांचा फोन आला. त्यांच्या मागे दुसरा एक फोन वाजत होता आणि जनीवहिनी कोणाला तरी सांगत होत्या की हो, घरीच आहेत, जेवले, बरे आहेत.

"दादा, छापलं बघा तुम्ही म्हणालात तसं," मी म्हटलं.

"वाचला," केरूदादा म्हणाले. "राजीनामा दिला, एवडाच पुरे होता गो बाय. नारळ दिला म्हनून छापलंस, तेव्हा निम्मी वाडी बोल्ली की छापायची चूक असंल. आज स्वेच्छेने वाचलानी, नि सगळ्यांची खात्री पटली."